शिक्षेवरची मोटार

आमच्या आळीतील घड्याळे धाकू मिस्त्रींच्या भोंग्यावर लावली जात. खाडीकाठच्या कौलांच्या कारखान्यात ते इंजिन चालवीत, आणि सकाळी सात, दुपारी बारा, एक व संध्याकाळी पाच असा चार वेळा भोंगा वाजवणे हा त्यांच्या कामाचाच भाग होता. माझे वडील मराठी शाळेत शिक्षक. शाळेचे घड्याळ आणि भोंगा यांच्यात अंतर पडले की ते निमूटपणे खुर्चीवर चढून घड्याळाचा काटा सरकवीत. "मिस्त्री चुकायचे नाहीत," हे त्यांचे वाक्य मी लहानपणी नियमासारखे ऐकले. पुढे विज्ञान शिकताना कळले की नियम असाच आकाशातून पडत नाही. त्यामागे पुष्कळ निरीक्षणे असावी लागतात. मिस्त्रींच्या बाबतीत ती साऱ्या आळीने केलेली होती. अपवाद एकच सापडला, आणि तो मी स्वतःच्या कानांनी ऐकला. त्याकडे मी यथाक्रम येईन.

मिस्त्री अंगाने शिडशिडीत होते. डावी भुवई नव्हती. बारा वर्षे ते आगबोटीवर होते. आधी भट्टीत कोळसा टाकणारे आगवाले, मग इंजिनाला तेल घालणारे तेलवाले. ती भुवई तिकडेच कुठेतरी जळाली. ती कशी जळाली हे विचारले तर म्हणत, "एक दिवस इंजिनाच्या फार जवळ जाऊन बोललो, बाय."

त्यांचा दिवस तीन ठिकाणी वाटलेला असे. फटफटायच्या सुमारास विहिरीवर पाणी उपसायची लाट करकरू लागे. ते माडांना शिंपण करीत. साताला कारखाना. पाचानंतर घर: आईचे पाय चेपणे, दोन मुलींचा अभ्यास 'ऐकणे', कारण त्यांना स्वतःला अक्षरओळख बेताचीच होती. पुढे मोटार आली तेव्हा तिच्या वाट्याला रविवार आणि जेवणानंतरचा अर्धा तास येई. एकाचा वाटा त्यांनी दुसऱ्याला कधी दिला नाही. तेलाच्या बाबतीतही तोच दंडक होता. कारखान्याचे तेल, मोटारीचे तेल आणि घरचे तेल यांचे डबे निराळे, पुसायच्या चिंध्या निराळ्या. कारखान्यातून निघताना राख आणि नारळाची शेंडी घेऊन कोपरापर्यंत हात घासत. कुणी हसले तर म्हणत, "कारखान्याचं तेल माझ्या हाताला लागून पण घरी यायचं नाय. उद्या मालकाच्या डोळ्याला डोळा भिडवायचा हाय मला."

असा हा माणूस आयुष्यात एकदाच हिशेबाबाहेर वागला, आणि तो प्रसंग म्हणजे मोटार.

महायुद्धाच्या आधीची ती मोटार एका बदली झालेल्या अंमलदाराने मागे टाकून दिली होती. तिचे इंजिन जाम होते. टपाच्या चिंधड्या झाल्या होत्या आणि पुढच्या पितळी पट्टीवरचे बनवणाऱ्याचे नाव घासून घासून नाहीसे झाले होते. मिस्त्रींजवळ खैराची एक काठी होती. काठीचे एक टोक यंत्राला लावायचे, दुसरे कानाला, आणि डोळे मिटायचे, ही त्यांची परीक्षा. त्यांनी हँडलाला हिसके देत त्या जाम इंजिनाला काठी लावली आणि उठून म्हणाले, "मेलेलं नाय. तोंड धरून बसलंय." आणि बोटीवरची सारी शिल्लक देऊन त्यांनी ती मोटार चार बैलांकरवी ओढत घरी आणली.

ती शिल्लक घरावर कौले घालण्यासाठी ठेवलेली होती. साऱ्या रत्नागिरीच्या डोक्यावर कौले चढवणाऱ्या कारखान्याचे इंजिन चालवणारा माणूस स्वतः गवती छपराखाली राहत असे, आणि ते छप्पर बदलायचे हे त्यांच्या पत्नीला, चंद्राकाकीला, लग्नापासून दिलेले वचन होते. काकी मोटारीकडे पाहून एवढेच म्हणाली, "आणलंत? बरां झालां."

खरी चूक पुढेच घडली. आमच्याकडे पावसाळ्याआधी मच्छीमार आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढून नारळाच्या झापांनी शाकारतात, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा पाण्यात लोटतात. मिस्त्रींनी मोटारीला तोच विधी लावला. वैशाखात तिची चाके काढली, तिला चार चिऱ्यांवर चढवले आणि वर झापांचे छप्पर बांधले. ते इतके नीट बांधले की त्यात आठवडा गेला, आणि सगळ्यांत चांगले झापही त्यातच गेले. घराची शाकारणी मागे राहिली. पाऊस काही दिवस आधी आला. चंद्राकाकीच्या चुलीत पाणी भरले, भाताची कणगी भिजली, सासूचे अंथरूण तीनदा हलवावे लागले. मोटार मात्र खडखडीत कोरडी होती.

काकी ओरडली नाही. ती भिजलेले लुगडे पिळत दारात उभी राहिली आणि आम्हा शेजाऱ्यांसमक्ष तिने निकाल दिला. "अवो, ऐकताय ना? माझी कौलं तुमी ह्या गाडीत घातलीत. माझ्या कौलांवर मी बसायची नाय. घरावर कौलं चढतील तवा मी गाडीत चढेन. तवर ही गाडी शिक्षेवर."

मिस्त्री मान खाली घालून म्हणाले, "मान्य." त्या क्षणापासून आमच्या आळीत एकच प्रश्न उरला: काकी मोटारीत कधी बसणार?

इंजिन दोन वर्षांनी बोलले. पण तोवर मिस्त्रींनी दुसरी एक चूक करून ठेवली होती, आणि अशी चूक केवळ कोकणातलाच माणूस करू शकेल. होडीच्या प्रत्येक फळीला मासळीचे तेल चोपडावे लागते, म्हणून त्यांनी मोटारीच्या प्रत्येक अवयवाला ते चोपडले. लोखंडाला ते मानवले. रबराला नाही. नारळी पौर्णिमेला झाप काढले तेव्हा टायर भिजवलेल्या पोह्यांसारखे फुगून मऊ झाले होते. मुंबईहून नवे टायर यायला अवधी होता. मिस्त्रींनी हार न मानता जुन्या टायरांत काथ्या ठासून भरला, सुंभाने आवळला, आणि मोटार निघाली. तिच्या वासाने कुत्री मागे लागत. आमच्या घरी मासळी शिजत नसे. माझ्या वडिलांनी तिच्यातून पहिला प्रवास केला तो नाकाशी कापराची वडी धरून, पण मोठ्या अभिमानाने.

याच काथ्याच्या चाकांवर मिस्त्रींच्या आईला इस्पितळात नेले गेले. म्हातारीला खोकला होता. मिस्त्रींनी सवयीने खैराची काठी तिच्या छातीला टेकवून दुसरे टोक कानाला लावले. "मेल्या, मी काय बॉयलर हाय?" असे म्हणून तिने तीच काठी हिसकून त्यांच्या पाठीत घातली. पण मिस्त्रींचा चेहरा उतरला होता. "डाव्या बाजूला आवाज बरा नाय," एवढेच ते म्हणाले, आणि बाराचा भोंगा वाजवून आलेले ते गृहस्थ आईला उचलून मोटारीत ठेवते झाले.

आमच्या शाळेवरून जाणारी ती मिरवणूक मी विसरणार नाही. काथ्याच्या चाकांवर मोटार बैलगाडीच्याच वेगाने चाले. आत म्हातारी उशीला टेकलेली. आणि बाजूने, मडगार्डाला एक हात लावून, दुसऱ्या हातात पेजेचे भांडे सांभाळत चंद्राकाकी चालत होती.

"अगो बस गो आत!" म्हातारी कण्हत म्हणाली. "माझ्या मरणाच्या वेळी तरी हट्ट सोड."

"तुमी मरायच्या नाय एवढ्यात," काकी म्हणाली. "आणि कौलं चढल्याबिगर मी पण चढायची नाय. वायच सरळ बसा, पेज सांडेल."

दोन्ही भाकिते खरी ठरली. डॉक्टरांनी डाव्याच फुप्फुसात सूज सांगितली. म्हातारी त्यानंतर पुष्कळ जगली. मिस्त्री मात्र त्या दिवशी एकाच्या ठोक्याला कारखान्यात होते. इस्पितळातून ते धावत आले, मोटार तिथेच ठेवून. कारण धावणे जलद होते.

मी विज्ञानाकडे का वळले, हा प्रश्न मला पुण्याच्या कॉलेजात अनेकांनी विचारला. मुलींच्या बाबतीत तो विचारायची पद्धतच आहे. मी त्यांना सांगत असे की आमच्या शेजारी एक मोटार होती. एका रविवारी मिस्त्रींनी मला हँडल फिरवताना ठिणगी दाखवली. मी विचारले, "काका, ही का पडते?"

त्यांनी चिंधीला हात पुसले. मग म्हणाले, "का पडते ता मला ठाऊक नाय, बाय. कधी पडते, कुठं पडते, पडली नाय तर काय होतं, ता मी सांगेन. 'का' तू शिकून ये."

आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही, यांच्यामधली रेघ इतकी स्वच्छ आखणारे प्राध्यापक मला नंतर फार थोडे भेटले. पहिल्या सुट्टीत मी त्यांना चुंबक आणि तारेचे वेटोळे यांचा संबंध समजावून दिला. त्यांनी तो काजूच्या बिया मांडून माझ्याकडून तीनदा वदवून घेतला. दुसऱ्या सुट्टीत मी रबराचे तुकडे निरनिराळ्या तेलांच्या बाटल्यांत बुडवून ठेवले आणि महिन्याने त्यांना दाखवले. फुगलेला तुकडा चिमटीत धरून ते म्हणाले, "म्हंजे गुन्हेगार मीच." आणि त्या दिवसापासून मासळीच्या तेलाच्या डब्याला त्यांनी मोटारीपासून दहा पावले दूर जागा दिली. मुलीच्या वयाच्या मुलीपुढे चूक मान्य करताना त्यांना जराही कमीपणा वाटला नाही. उलट ते ती हकिकत कारखान्यात सांगत फिरले. "आमच्या मास्तरांच्या पोरीनं बाटलीत पकडला मला."

आता कौले. कारखान्यात भट्टीतून निघालेली जी कौले वाकडी होत, ती आवारामागे ढिगात टाकून देत. मालकांना विचारून मिस्त्रींनी तो ढीग निवडायला घेतला. प्रत्येक कौल एका हाताच्या बोटांवर तोलून ते दुसऱ्या हाताच्या पेराने वाजवीत. तडा असला तर आवाज बसका येई; नुसतेच वाकडे असले तर खणखणीत. खणखणीत तेवढी घ्यायची. मग वाकाची दिशा आणि माप पाहून गट करायचे: डावीकडे वाकलेली एका रांगेला, उजवीकडची दुसऱ्या. वाकड्यात वाकडे नीट बसवले तर सरळ कौलांइतकेच घट्ट बसते, हा त्यांचा सिद्धांत. मी कागदावर आकृती काढून तो तपासला. तो बरोबर होता.

ढिगातून दहा उचलावीत तेव्हा एखादेच पसंत पडे. बैलगाडीतून आणली तेव्हा जांभ्या दगडाच्या रस्त्याने निम्मी तडकली. तोवर मुंबईचे हवेचे टायर आले होते. मग दर रविवारी मोटारीच्या मागच्या बैठकीवर पेंढा पसरून त्यावर कौले बसू लागली, आणि मिस्त्री त्यांना एखाद्या गरोदर बाईला न्यावे तसे हळूहळू घरी आणू लागले. चौघांची बैठक, तिच्यावर काकीच्या ऐवजी काकीची कौले. हे सुमारे चार वर्षे चालले. पावसाळ्यात मोटार चिऱ्यांवर चढे. पण त्या पहिल्या वर्षानंतर आधी घर शाकारले जाई आणि उरलेल्या झापांत मोटार.

तिसऱ्या वर्षी घाटावरचे एक इनामदार रत्नागिरीत आले होते. त्यांनी मोटारीचे पितळी दिवे पाहिले आणि तिथेच उभे राहून किंमत बोलले. मिस्त्रींनी ऐकून घेतले. "मालकिणीला विचारा," ते म्हणाले आणि मागच्या दारी निघून गेले.

काकी ओसरीवर विळीवर बांगडे कापत बसली होती. मी तिच्या धाकटीला गणित शिकवत होते, म्हणून पुढचा संवाद मला शब्दशः पाठ आहे.

"बाई," इनामदार म्हणाले, "एवढ्या पैशांत तुमच्या घरावर कोरी कौले चढतील. पावसाळ्याच्या आत."

"चढतील," काकी म्हणाली.

"मग ठरले?"

"गाडी विकायची नाय."

"पण का?"

"ती शिक्षेवर हाय." काकीने बांगड्याचे डोके बाजूला टाकले. "आमच्या रत्नागिरीत तुरुंग हाय, साहेब. आमाला कायदा म्हायती. शिक्षा भोगून होईतो कैदी सुटत नाय, आणि कुनी इकत पण नाय."

इनामदार गेल्यावर मी मागच्या दारी डोकावले. मिस्त्री एका दिव्याचे पितळ घासत होते. ते आधीच आरशासारखे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, नुसते विचारले, "काय बोलली?" मी सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि आणखी बराच वेळ दिवा घासला.

मी कॉलेजात इंटरला असताना छप्पर पुरे झाले. आढ्यावरचे शेवटचे कौल मिस्त्रींनी स्वतः बसवले. खालून पाहणाऱ्याला ते सारे छप्पर किंचित लाटांसारखे दिसे. पण रेघ कुठेही तुटलेली नव्हती. रत्नागिरीत त्याहून महाग छपरे पुष्कळ होती. त्याच्याइतके विचाराने घातलेले मी दुसरे पाहिले नाही.

आळी काकीकडे पाहू लागली. काकी म्हणाली, "एक पावसाळा जाऊ दे. टाकलेली कौलं ती." पावसाचा जोर सरला; एक थेंब गळला नाही. नारळी पौर्णिमेला मोटार चिऱ्यांवरून उतरली, तिच्यापुढे नारळ फुटला, बायका ओट्यावर जमल्या. मिस्त्रींनी मागचे दार उघडून धरले.

"शिक्षा संपली," काकी म्हणाली. "पण मला जायचंय कुठं? काम नसताना बसून मिरवायला मी काय नाटकातली राणी हाय?" आणि खोबरे वाटायला ती आत गेली.

मिस्त्रींनी दार हळूच लावले. पुढची दोन वर्षे त्यांनी एकदाही विचारले नाही. माझ्या वडिलांनी टोकले तेव्हा म्हणाले, "मास्तर, हँडल जोरानं मारलं तर उलट फिरून हात मोडतं. इंजिन तयार झालं की आपसूक घेतं."

मी पदवी घेतली. भौतिकशास्त्राच्या पुढल्या अभ्यासासाठी मुंबईच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. पावसाळ्यानंतर आगबोटी पुन्हा सुरू झाल्या, आणि नवरात्राच्या आधी माझे निघायचे ठरले. बोट दुपारची होती. बाराचा भोंगा वाजवून मिस्त्री थेट आमच्या दारी मोटार घेऊन आले. एकच्या भोंग्यापर्यंत त्यांना मोकळीक होती. माझी ट्रंक आणि पुस्तकांची पेटी मागे चढली. वडील पुढे बसले.

इतक्यात शेजारच्या दारातून चंद्राकाकी आली. हिरवे लुगडे, नाकात नथ, हातात माझ्यासाठी बांधलेल्या फणसपोळीचे पुडके.

"सरक गो बाय," ती म्हणाली. "पोर एवढी शिकून मुंबईला निघाली. तिला पोचवायला नको कुनी? ह्याला म्हणतात काम."

मिस्त्री हँडलाशी वाकलेले होते ते तसेच राहिले. मग त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून मागची बैठक पुसली. पुन्हा पुसली. काकी पायरीवर पाय ठेवून थांबली आणि म्हणाली, "पुरे. कौलांची माती सात जन्म जायची नाय त्यातनं." मग ती चढली, आणि पाठ ताठ ठेवून अशी बसली की जणू ती मोटार तिच्याच मापाने बेतलेली असावी.

बंदरापर्यंत मिस्त्रींनी मोटार कौले आणताना चालवत तशीच चालवली.

त्यानंतर मी त्यांना पाहिले नाही. पुढच्या पावसाळ्यात ते गेले, तेव्हा बोटी बंद होत्या. मोटार अजून आहे. वैशाखात काकी गडी लावून तिला चिऱ्यांवर चढवते आणि झाप कसे बसवायचे ते स्वतः उभी राहून सांगते.

म्हणून माझ्याजवळ आहे ते दृश्य पडावातले. आगबोट दूर उभी राहते; प्रवाशांना पडावातून तिच्यापर्यंत नेतात. वडील मला बसवून माघारी पायी शाळेकडे निघाले होते. मी धक्क्याकडे पाहत होते. मोटार सुरू झाली. कारखान्याचा रस्ता गावाच्या दिशेने होता. मोटार दुसरीकडे, किल्ल्याच्या चढाला लागली. ती कुठल्याही कामाची वाट नव्हती. उन्हात पितळी दिवे चमकले, आणि मागच्या बैठकीवरची हिरवी आकृती तसूभरही न वाकता वर वर जात राहिली. वळणावर मिस्त्रींनी रबरी भोंपू वाजवला. समोर रस्त्यावर कुणीही नव्हते.

पडाव अर्ध्या वाटेवर असताना कारखान्याचा भोंगा ऐकू आला. मी मनगटावरचे घड्याळ पाहिले. ते मी सकाळीच सातच्या भोंग्यावर लावले होते. एक वाजून अकरा मिनिटे झाली होती.

माझ्या शेजारी मिरजोळ्याचे एक वयस्क व्यापारी बसले होते. त्यांनी खिशातून घड्याळ काढले, कपाळाला आठ्या घातल्या, "बिघडलं वाटतं," असे पुटपुटले, आणि काटा अकरा मिनिटे मागे सरकवला.

मी त्यांना अडवले नाही. क्षणभराने मी माझाही सरकवला.